बिऱ्हाडकरू पारखून घ्या



आजच्या दहा मिनिटांत मला एकच गोष्ट सांगावयाची आहे, आणि वेळ अपुरा पडण्याचा संभव असल्यामुळे ती आरंभीच सांगून टाकतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोणता मासा सोडावयाचा हे त्याच्या रंगावरून ठरवू नका. पुरा वाढल्यावर त्याचे तोंड केवढे होणार, त्याचा स्वभाव कसा आहे आणि तो तुमच्या टाकीत कितव्या क्रमाने शिरणार, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून दुकानदाराच्या हातावर पैसे ठेवू नका. ज्यांनी घरी अशी टाकी मांडली आहे त्यांस क्षारता, तापमान, अमोनिया आणि नायट्राइट यांचा पाठ मी द्यावा असे नाही. तो त्यांस अवगत असतोच. परंतु पाण्याची परीक्षा दर आठवड्यास नेमाने करणारे, दिव्यांवर आणि पंपांवर हजारो रुपये खर्चणारे हेच गृहस्थ मासा निवडण्याची घटका आली म्हणजे पिशवीतील निळ्या-पिवळ्या झळाळीस भुलतात आणि सारी सावधगिरी दुकानाच्या उंबऱ्याबाहेर ठेवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझ्यासारख्या तानसा नदीकाठच्या माणसाने समुद्रातील माशांची चिंता का वाहावी, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर असे की, मुंबई-ठाण्याच्या दिवाणखान्यांत जो समुद्र काचेआड नांदतो तो बहुधा समुद्रातून आणलेला नसतो. नळाचे पाणी यंत्रातून शुद्ध करून त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम खास मीठ विरघळविले म्हणजे तो तयार होतो. आणि हे नळाचे पाणी येते कोठून? १८९२ साली पुऱ्या झालेल्या आमच्या तानसेच्या धरणातून, भातसेतून, वैतरणेतून आणि मुरबाडकडच्या बारवीतून. ज्या शहापूर तालुक्याच्या उशाशी एवढे जलाशय आहेत त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते, हे वर्तमानपत्रांतून आपण दर उन्हाळ्यात वाचताच. तुमच्या नादास माझी हरकत नाही. घरातील मुलास सजीव सृष्टीचे व्यवहार समक्ष पाहावयास मिळावेत, याहून चांगला छंद कोणता? परंतु टाकीत भांडणे लागली म्हणजे मासे मरतात, मासे मेले म्हणजे पाणी नासते, आणि नासलेले पाणी ओतून द्यावे लागते. ते पाणी आमच्या डोंगरांतील असते, म्हणून हा विषय मी माझा मानतो.

आता मुद्द्याकडे वळू. एखादा जुना चौसोपी वाडा डोळ्यांसमोर आणा. मालकाने ओसरीलगतची खोली प्रथम एका तापट गृहस्थास दिली आणि वाड्यात महिना-दोन महिने तो एकटाच राहिला, तर अंगण आपले, आड आपला, परसातील पेरूच्या झाडाची सावलीसुद्धा आपलीच, अशी त्याची वहिवाट पडून जाते. मग मागाहून आलेल्या एखाद्या गरीब कुटुंबाने अंगणात चार पापड वाळत घातले तरी तो दांडगाई करण्यास उठतो. तोच गृहस्थ सर्व बिऱ्हाडे स्थिरस्थावर झाल्यावर अखेरीस आला असता, तर कोणाचा ओटा कोणता आणि कोणाची दोरी कोणती, याचा दस्तुर त्यास आयताच ठरलेला मिळाला असता आणि आपल्या खोलीपुरते पाहून तो बराच निमूट राहिला असता. माणूस एकच, फरक पडतो तो येण्याच्या क्रमाने.

टाकीतही नेमके हेच घडते. नवी टाकी झाली की दुकानदार पहिला मासा म्हणून डॅमसेलची शिफारस करतो, कारण तो स्वस्त असतो, काटक असतो आणि कच्च्या पाण्यातही तग धरतो. बोटाच्या दोन पेरांएवढा हा निळा जीव दगडांतील मुठीएवढे एक भोक आपले म्हणून धरतो आणि दोन-चार आठवड्यांत सगळा दगडच आपल्या मालकीचा समजू लागतो. पुढे तुम्ही फायरफिशसारखा भिडस्त मासा आणता. त्याला पाण्यात सोडल्यावर घटकाभर टाकीसमोर बसून पाहा : डॅमसेल आडवा येतो, अंग ताठ करतो, एक झेप घेऊन नवागताच्या शेपटीस चावा घेतो आणि पुन्हा भोकाशी जाऊन उभा राहतो. सायंकाळपर्यंत त्या नवागताच्या परांच्या कडा फाटलेल्या दिसतात. तो पंपामागच्या कोपऱ्यात अंग चोरून राहतो, खाद्य पडले तरी बाहेर येत नाही, आणि टाकीवर झाकण नसेल तर सकाळी जमिनीवर सापडतो. मालक म्हणतो, मासाच रोगट निघाला. मासा रोगट नव्हता. त्याला येण्यास उशीर झाला होता.

म्हणून क्रम ध्यानात धरा. भित्रे आणि संथ मासे प्रथम : फायरफिश, छोटे गोबी. त्यानंतर मध्यम स्वभावाचे क्लाऊन. मोठे, हक्क सांगणारे टँग सर्वांत शेवटी. आणि डॅमसेल घ्यावयाचाच असेल तर तोही सर्वांच्या मागून. एखाद्याची वहिवाट आधीच पडून गेली असेल तर नवा मासा सोडण्यापूर्वी दगडांची मांडणी बदलावी आणि दिवे मालवावेत; जुन्या भाडेकरूच्या खोल्या बदलल्या म्हणजे त्याला आपली हद्द नव्याने शोधावी लागते, आणि तेवढ्या अवधीत नव्यास जागा मिळते.

दुसरी गोष्ट एकाच पेशाच्या भाडेकरूंची. एका वाड्यात दोन शिंपी ठेवले तर गिऱ्हाइकावरून तंटा व्हावयाचाच. सारख्या आकाराचे आणि सारखे अन्न खाणारे दोन मासे एका लहान टाकीत असेच एकमेकांचे वैरी होतात. टँगच्या शेपटीच्या बुंध्याशी दोहो बाजूंस एकेक धारदार काटा असतो. या काट्यामुळेच त्याला सर्जन मासा म्हणतात. दोन टँग अंगाला अंग घासून वळतात तेव्हा ते खेळत नसतात. तो काटा चालविण्याची ती तयारी असते. शिवाय दुकानात दोन इंचांचा दिसणारा निळा टँग पुढे जवळजवळ फूटभर वाढतो, आणि २०० लिटरची टाकी लांबीने उणीपुरी तीन फूट असते. तीन फुटांच्या खोलीत फूटभर अंगाच्या प्राण्याने फिरावे तरी कोठे, याचा विचार तो दोन इंचांचा असतानाच करावयास हवा.

तिसरी गोष्ट तोंडाची. सिंहमासा, म्हणजे लायनफिश, दिसावयास राजस आहे. त्याच्या पाठीवरील काटे विषारी आहेत हे आपण जाणताच. पण शेजाऱ्यास मारण्याकरिता तो काटा वापरीत नाही. जो जो त्याच्या जबड्यात मावतो त्यास तो सरळ गिळतो. ट्रिगर मासा खेकडे, कोळंबी आणि शंख दातांनी फोडून खातो. कित्येक फुलपाखरी मासे तर प्रवाळाचेच कोवळे जीव टिपतात. हे त्यांचे दोष नव्हेत, तो त्यांचा जीवनधर्म आहे. दोष त्यांस भलत्या घरात ठेवणाऱ्याचा आहे. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले गेले तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मुलांनी तेथील काचांना नाके लावली. परंतु काचेमागून काच पाहत जाताना शेजारी शेजारी दिसलेले ते मासे एकाच पाण्यात राहत नव्हते, हे घरी येईपर्यंत पुष्कळांच्या ध्यानातून जाते आणि ती सारी शोभा एकाच टाकीत भरण्याची हौस धरली जाते.

उलट, तोंड लहान असले तरी पोटाचा प्रश्न असतोच. मँडरिन हा अप्रतिम सुंदर मासा दगडांवर वावरणारे सूक्ष्म जीव दिवसभर एकेक टिपून जगतो. वरून टाकलेल्या दाण्यास तो सहसा तोंड लावीत नाही. नव्या टाकीत त्या सूक्ष्म जीवांची वस्ती नसते, आणि चपळ मासे असतील तर उरलेसुरले तेच फस्त करतात. मँडरिन सहसा कोणाशी भांडत नाही, कोणाचा मार खात नाही, आणि तरीही पोट आत जाऊन मरतो. तेव्हा शेजारी शांत आहेत एवढ्यावर खातरजमा झाली असे मानू नका. प्रत्येकाच्या तोंडी घास पडतो की नाही, हे रोज पाहा.

श्रोतेहो, क्रमाविषयी मी मघाशी सांगितले ते निसटले असेल तर पुन्हा सांगतो, कारण माझ्या सगळ्या सांगण्याचे सार तेथेच आहे : भिडस्त आधी, दांडगे मागून. खरेदी हवी तेवढी करा, पण या क्रमाने करा.

कायद्याचाही एक शब्द सांगितला पाहिजे. कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडे यांस २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. वाघास जे संरक्षण तेच त्यांस. तेव्हा कोणी गुपचूप जिवंत प्रवाळ आणून देण्याची तजवीज करतो म्हणेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा. कृत्रिम दगडांवरही सुंदर टाकी उभी राहते. माशांचे म्हणाल तर बहुतेक सागरी शोभिवंत मासे अजूनही समुद्रातूनच पकडून आणलेले असतात, म्हणजे तुमच्या टाकीत मेलेल्या एका माशाची भरपाई पुन्हा खडकांवर जाळे टाकूनच होते. क्लाऊन मात्र हौदात पैदा करता येतो. आपल्या ठाणे जिल्ह्यात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात तशी पैदास होते. क्लाऊन दोनच घ्यावेत, लहान वयाचे, एक थोडा मोठा आणि एक थोडा लहान. सर्व पिले नर म्हणूनच जन्मतात, मोठा तो पुढे मादी होतो आणि जोडी आपोआप जमते. तिसरा आणलात तर त्याचा छळ होईल.

आता पाण्याचा हिशेब. २०० लिटरच्या टाकीत दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलले तर ते २० लिटर, म्हणजे एक मोठा हंडा. परंतु मारामारीत एखादा मासा दगडाच्या सांदीत मेला, कुजला आणि अमोनिया चढला, तर अर्धे पाणी, म्हणजे १०० लिटर, एकदम बदलावे लागते; आणि शुद्धीकरणाच्या यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाहून जात असल्यामुळे नळातून घेतलेले पाणी तीनशे-चारशे लिटरच्या घरात जाते. पंधरा-वीस हंडे पाणी एका चुकीच्या निवडीपायी गटारात जावे, ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. पाड्यावरची बाई एवढे पाणी डोक्यावरून वाहून आणते तेव्हा तिला किती खेपा घालाव्या लागतात, याचा विचार आपण करा. यंत्राचे ते टाकाऊ पाणी निदान कुंड्यांना घाला, फरशी पुसण्यास वापरा.

विलगीकरणाच्या टाकीविषयी बरेच सांगावयाचे होते. नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळा ठेवल्याने पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य टाकीत शिरत नाही, आणि तांब्याचे औषध मुख्य टाकीत कदापि घालू नये, कारण कोळंबी, शंख आणि प्रवाळ त्याने मरतात. परंतु घड्याळ पुढे गेले आहे आणि तो विषय येथेच सोडणे भाग आहे.

तेव्हा जाता जाता एवढीच विनंती करतो. येत्या रविवारी दुकानात जाल तेव्हा खिशात एक चिठ्ठी असू द्या. तीवर टाकीतील प्रत्येक माशाचे नाव, त्याची पूर्ण वाढीची लांबी आणि त्याचे अन्न लिहिलेले असावे. नव्या माशाचे नाव त्या यादीत कोठे बसते ते पाहा. बसत नसेल, तर तो कितीही देखणा असला तरी रिकाम्या हाताने परत या.