अडुळसा : परसातले औषध आणि त्याची मर्यादा

कृष्णाकाठच्या सातारा-सांगली पट्ट्यात जुन्या घरांच्या परसात आणि शेताच्या कुंपणाला अडुळसा सहज आढळतो. त्याच्या कडू पाल्याला जनावर सहसा तोंड लावत नाही, म्हणून शेतकऱ्याने कुंपणासाठी त्याची निवड केली. तमिळमधील ‘आडातोडै’ या नावाचा अर्थ ‘शेळी शिवत नाही ते’ असाच सांगितला जातो. संस्कृतात तो ‘वासा’. पांढऱ्या फुलाचा उघडा जबडा पाहून ‘सिंहास्य’ हेही नाव पडले.

कास, श्वास आणि रक्तपित्त यांवर आयुर्वेदाने वासा श्रेष्ठ मानली. पाने नुसती कुटल्यास रस फारसा निघत नाही. त्यासाठी पुटपाकाची युक्ती. कुटलेल्या पानांचा गोळा वडाच्या पानांत गुंडाळून, वर मातीचा लेप देऊन निखाऱ्यात भाजावयाचा आणि मग पिळावयाचा. आजची गृहिणी पाने वाफवून तेच साधते. चमचा-दोन चमचे रस मधासह घेतल्यास चिकट कफ सुटतो. मात्र वर्षाखालील बालकास मध वर्ज्य, आणि गर्भवतीस अडुळसाच वर्ज्य; कारण त्यातील वासिसिन गर्भाशयाचे आकुंचन घडवते. याच वासिसिनाच्या अभ्यासातून ब्रोमहेक्सिन आणि पुढे अ‍ॅम्ब्रॉक्सॉल ही औषधे निघाली. परसातल्या झुडपाला हिणवणाऱ्यांनी आपल्या कफसिरपाच्या बाटलीवरची नावे एकदा वाचावीत.

परंतु सावधपणा हवा तो येथेच. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवून दिला. त्यावर स्ट्रेप्टोमायसिन हे पहिले परिणामकारक औषध सापडण्यास १९४३ साल उजाडले. तोवर सांगली-मिरजेदरम्यानच्या वानलेसवाडीसारख्या क्षयरोग आरोग्यधामांतही मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार यांवरच मुख्य भिस्त असे. त्या काळी खोकल्यातून रक्त पडणाऱ्याला वासा देण्यात काहीच गैर नव्हते. आज ते धोक्याचे आहे. अडुळशाने कफ सुटतो, रुग्णाला बरे वाटते आणि जंतू मात्र आत पोखरतच राहतो. गळीत हंगामात फडावर उतरलेला ऊसतोड मजूर, चुलीपुढे राबणारी माउली यांचा खोकला ‘धुराचा’ म्हणून महिनोन्महिने काढ्यावर काढला जातो, आणि तोवर त्याच खोपटातली लेकरे तो श्वासावाटे घेत असतात.

खोकला दोन आठवड्यांवर टिकला, सायंकाळी बारीक ताप येऊ लागला, वजन घटले किंवा थुंकीत रक्त दिसले, तर काढा बाजूला ठेवून थुंकीची तपासणी करावी. सरकारी दवाखान्यात ती विनामूल्य होते. औषधेही तेथेच मिळतात. साध्या क्षयाचा औषधक्रम सहसा सहा महिन्यांचा असतो. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबला म्हणून तो सोडावयाचा नसतो.