रोजगारनिर्मिती आणि स्थानिक स्वराज्य संस्था



मुंबईहून सुरतेकडे जाताना उधना स्थानकाच्या अलीकडे भेस्तान हे लहानसे स्थानक लागते. शेजारच्या पांडेसरा औद्योगिक वसाहतीत कापड रंगविण्याचे व छपाईचे कारखाने आहेत. उधन्याहून फुटणारा लोहमार्ग नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या गावांवरून जळगावला पोहोचतो. याच मार्गाने खानदेशातील असंख्य कुटुंबे सुरत परिसरात आली व स्थिरावली. त्यांना काम कारखान्याने दिले. मग रोजगाराच्या बाबतीत स्थानिक स्वराज्य संस्थेचे कर्तव्य कोणते, असा प्रश्न साहजिकच निर्माण होतो. त्याचे उत्तर याच परिसरात सापडते.

गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळे स्थापन केली. भूखंड, रस्ते, वीज यांची सोय झाली आणि उद्योग वाढले. परंतु कारखान्यामागोमाग कामगार येतो व कामगारामागोमाग त्याचे कुटुंब येते. त्यांना निवारा, पाणी, शौचालय व शाळा हवी असते. ही जबाबदारी शेवटी नगरसंस्थेवरच येऊन पडते.

तिची उपेक्षा झाल्यास काय घडते, हे सप्टेंबर १९९४ मध्ये दिसून आले. सुरतेत प्लेगची साथ उद्भवली आणि काही दिवसांतच लाखो लोकांनी शहर सोडले. यंत्रे जागेवर होती, ती चालविणारे हात मात्र गावी निघून गेले. अस्वच्छतेची किंमत उद्योगालाही मोजावी लागली. १९९५ पासून महानगरपालिकेने आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत सफाईची व्यवस्था विभागवार लावली, अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष वस्त्यांत उतरविले आणि शहराचे रूप पालटले.

पुढचे पाऊल अधिक बोधप्रद आहे. रंगकामाला पाणी विपुल लागते. बमरोली येथे महानगरपालिकेने सांडपाण्यावर उच्च प्रतीची प्रक्रिया करणारे केंद्र उभारले आणि २०१४ पासून ते पाणी पांडेसऱ्याच्या कारखान्यांना मिळू लागले. केंद्राची क्षमता दररोज ४ कोटी लिटर एवढी ठेवण्यात आली. शहराला उत्पन्न मिळाले, पिण्याच्या पाण्यावरील ताण हलका झाला आणि कारखान्यांतील रोजगाराला आधार लाभला. त्याचप्रमाणे महानगरपालिकेच्या शिक्षण समितीने मराठी माध्यमाच्याही प्राथमिक शाळा चालविल्या. बाहेरून आलेल्या कामगाराच्या मुलाला मातृभाषेतून अक्षरओळख होणे ही विकासाचीच बाब होय.

तथापि, गाव सोडावेच लागू नये, हा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेचा मोठा आधार घेतला. वि. स. पागे हे तिचे प्रवर्तक. तिच्या खर्चासाठी शहरातील नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर १९७५ साली व्यवसायकर बसविण्यात आला. म्हणजे शहराने खेड्याचा भार उचलला. या योजनेचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पाझर तलाव, नालाबांध, विहिरी आणि १९९० पासून फळबागा अशी कामे तीतून झाली. जेथे ही कामे नीट आखली गेली, तेथे मजुरी तर मिळालीच, शिवाय पुढील हंगामासाठी पाणीही साठले. जेथे केवळ खडी फोडली गेली, तेथे मजुरी संपताच पुन्हा रिकामे हात उरले.

१९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने आर्थिक विकास व सामाजिक न्याय यांच्या योजना आखण्याचे काम पंचायती व नगरपालिका यांच्याकडे सोपविण्याची तरतूद केली. या तरतुदीला अर्थ यावयाचा असेल, तर ग्रामसभेत कामांची यादी ठरताना मजुरीबरोबरच पाण्याचा व जमिनीचा हिशेब मांडला गेला पाहिजे. ग्रामस्थांनी तो मागावा, शिक्षकांनी तो समजावून सांगावा आणि अधिकाऱ्यांनी तो कृतीत उतरवावा. म्हणजे भेस्तानची गाडी पकडणारा तरुण नाइलाजाने नव्हे, तर स्वेच्छेने निघेल. आणि जेथे उतरेल तेथेही त्याला माणसासारखे राहता येईल.