पळणे आणि धावणे

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्या मराठीत एकाच क्रियेला दोन शब्द आहेत. एक पळणे आणि दुसरा धावणे. पाय तेच, रस्ता तोच, पण शब्द बदलला की अर्थाची दिशा बदलते. चोर पळतो. कर्ज बुडवणारा पळून जातो. संकट अंगावर आलं की पळता भुई थोडी होते, आणि पळपुटा ही तर शिवीच आहे. याउलट शेजारी अडचणीत असला की आपण धावून जातो. संध्याकाळी गाय वासराकडे धाव घेते. भक्त देवाचा धावा करतो. पळणाऱ्याच्या मागं काहीतरी लागलेलं असतं आणि धावणाऱ्याच्या पुढं काहीतरी असतं, असा माझा आपला कवीचा हिशेब. कोशकार याला शंभर अपवाद काढतील. आमच्या साताऱ्याकडची पोरं तर सकाळी व्यायामाला निघतानाही ‘पळायला जातो’ असंच म्हणतात. तरीही आजच्या विषयासाठी हे दोन शब्द मला फार उपयोगाचे वाटतात. विषय आहे, पन्नाशीनंतर पुन्हा पळायला लागणं आणि त्यातून हळूहळू धावण्यापर्यंत पोचणं.

आमच्या पिढीची पळण्याशी ओळख शाळेत झाली, आणि ती शिक्षा म्हणून झाली. घंटा झाल्यावर आलात, मैदानाला पाच फेऱ्या. गृहपाठ नाही, पाच फेऱ्या. दंगा केला, दहा फेऱ्या. एखाद्याला कवितेची गोडी लावायची असेल तर त्याला शिक्षा म्हणून शंभर वेळा कविता लिहायला लावू नये, एवढं शहाणपण आपल्याला असतं. पळण्याच्या बाबतीत मात्र ते कुणी वापरलं नाही. त्यातूनही काही पोरं आठशे मीटरला उभी राहायची. मीही राहायचो. १९८४ साली मी नुकताच दहावी झालो होतो. त्या वर्षी लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषाचं चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतलं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. रेडिओवर ती बातमी ऐकून आमची सगळी आळी हळहळली होती. पुढं कॉलेज, बी.ए., नोकरी, संसार. पळणं सुटलं. कुणाचंही सुटतं तसंच, काही ठरवून नाही.

तीस वर्षांनी ते परत आलं त्याला कारण माझे अब्बा. अब्बा छप्पनाव्या वर्षी गेले, हृदयविकारानं, बसल्या जागी. मी बावन्न वर्षांचा असताना माझ्या रक्तातली साखर सीमेवर आली आणि डॉक्टरांनी घराण्याचा इतिहास विचारला. मी सांगितला. डॉक्टर काही बोलले नाहीत, फक्त कागदावर लिहिलं. त्या रात्री मी छप्पनातून बावन्न वजा करत पडलो होतो. उत्तर नेहमी चारच येत होतं.

म्हणून सुरुवातीचे काही महिने मी जे केलं ते शुद्ध मराठीत पळणंच होतं. मागं अब्बांचं वय लागलेलं. आधी वर्षभर चाललो, मग चालता चालता थोडं पळू लागलो. औषध आवडावं लागत नाही, घ्यावं लागतं. तसंच ते होतं. सकाळी फजरची नमाज झाली की बूट घालायचे, घड्याळ बघायचं, ठरलेला रस्ता संपवायचा आणि सुटलो म्हणायचं. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं एकदा विचारलं, ‘‘चाचा, कुणी मागं लागलंय का?’’ तो गमतीनं बोलला, पण नेमकं बोलला.

मग यात गोडी कशी येते? याचं उत्तर मला न्यूझीलंडच्या एका गोष्टीत सापडलं. ती थोडी सविस्तर सांगतो.

ऑकलंड शहरात आर्थर लिडियार्ड नावाचे एक प्रशिक्षक होते. त्यांच्या शिष्यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकं मिळवली. पण लिडियार्ड यांचं मोठं काम मला दुसरंच वाटतं. उतारवयातल्या, पोट सुटलेल्या, हृदयविकारातून उठलेल्या माणसांना त्यांनी रस्त्यावर आणलं आणि सांगितलं, जोर लावू नका, सराव करा. बोलता येईल इतक्याच वेगानं जा. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेतले नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन त्यांच्याकडे पाहुणे म्हणून गेले. हेच बॉवरमन पुढं बुटांच्या प्रसिद्ध नायके कंपनीचे सहसंस्थापक झाले. वय एक्कावन्न, आयुष्य खेळाडू घडवण्यात गेलेलं. एका सकाळी लिडियार्ड यांच्या मंडळींबरोबर तेही निघाले, आणि थोड्याच वेळात धापा टाकत मागं पडले. तेव्हा सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे तीन झटके सोसलेले एक आजोबा आपला वेग कमी करून त्यांच्या सोबतीला थांबले. गप्पा मारत मारत त्या आजोबांनी या पाहुण्यांना मुक्कामी आणून पोचवलं. बॉवरमन परत गेले ते हा धडा घेऊनच. त्यांनी आपल्या गावातल्या सामान्य माणसांना हळू धावायला शिकवलं, १९६७ मध्ये त्यावर एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर पुस्तक लिहिलं आणि ‘जॉगिंग’ हा शब्द अमेरिकेत घरोघरी गेला.

या गोष्टीत मला त्या आजोबांचं थांबणं मोठं वाटतं. ते पुढं निघून जाऊ शकले असते. पण त्यांच्या धावण्यात कुणाला हरवायचं नव्हतंच.

लिडियार्ड यांची बोलत धावण्याची कसोटी फार सोपी आहे. मी ती माझ्या पद्धतीनं वापरतो. धावता धावता एक पूर्ण ओवी न तुटता म्हणता आली पाहिजे. तिसऱ्या चरणाला श्वास अडला तर वेग कमी करायचा, प्रसंगी चालायचं. सुरुवातीला एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं, असं वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस. मध्ये एकेक दिवस विश्रांती. चालण्यात कमीपणा काही नाही.

या सावकाशीला शास्त्राचा आधार आहे. चालताना एक पाय सतत जमिनीवर असतो. धावताना क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात आणि खाली येताना शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार एका पायावर येतो. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात. स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे मात्र संथ गतीनं बळकट होतात, कारण त्यांना रक्तपुरवठाच कमी असतो. म्हणून होतं काय, की दम पुरतो, उत्साह वाढतो, आणि नेमकी तेव्हाच टाच किंवा नडगी बोलू लागते. पन्नाशीच्या माणसानं आपल्या दमाचं न ऐकता आपल्या टाचेचं ऐकावं. ती खरं बोलते.

दुसरी गोष्ट तपासणीची. जिम फिक्स नावाचे एक अमेरिकन लेखक होते. जाडजूड, भरपूर सिगारेटी ओढणारे. पस्तिशीत ते धावू लागले, सुधारले, आणि १९७७ मध्ये त्यांनी धावण्यावर लिहिलेल्या पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. १९८४ च्या जुलैमध्ये, बावन्नाव्या वर्षी, धावत असतानाच ते रस्त्यात कोसळले. त्यांचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानंच गेले होते. शवचिकित्सेत त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या बऱ्याच तुंबलेल्या आढळल्या. लोक या गोष्टीवरून धावणं धोक्याचं ठरवतात. मी त्यातून एवढंच घेतो की बूट घेण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. धावण्यानं प्रकृती सुधारते, पण आई-बापांकडून आलेला वारसा पुसला जात नाही. मी इसीजी केला, पट्ट्यावर चालवून घेतात ती तपासणीही केली, आणि आजही वर्षाला एकदा करतो. छातीत दाब वाटला, भोवळ आली, तर थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. त्यात धाडस दाखवायचं नाही.

आता आनंदाकडे येतो. धावल्यावर मन हलकं होतं हा अनुभव जुना आहे. त्याचं श्रेय बरीच वर्षं एंडॉर्फिन या द्रव्याला दिलं जायचं. पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरत नाही. म्हणून अलीकडे संशोधकांचं लक्ष दुसऱ्या एका रेणूकडे गेलं आहे. १९९२ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात रॅफेल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत तो सापडला. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा त्या मंडळींनी आपला संस्कृत शब्द उचलला, ‘आनंद’, आणि रेणूचं नाव ठेवलं आनंदामाइड. धावल्यानंतर रक्तात हा आनंद वाढलेला दिसतो. आणि गंमत अशी, की मध्यम वेगानं धावणाऱ्यांत तो जसा वाढलेला आढळला, तसा रमतगमत चालणाऱ्यांत आढळला नाही आणि जीव तोडून धावणाऱ्यांतही नाही. सम्यक् वेगाचा हा दाखला वाचून मला लिडियार्ड आठवले. शास्त्रज्ञांची मोजमापं आणि त्या आजोबांच्या गप्पा एकाच जागी येऊन पोचल्या होत्या.

हा आनंद आपल्या मातीला नवा नाही. आषाढीच्या वारीत माउलींची पालखी वेळापूरजवळ आली की ‘धावा’ होतो. पंढरी जवळ आली म्हणून वारकरी उतारावरून धावत सुटतात. पंधरा-सोळा दिवस चाललेले पाय, कुणाच्या डोक्यावर तुळस, कुणाच्या गळ्यात वीणा, सत्तरीचे म्हातारे, नऊवारीतल्या आजीबाई. त्यांना कुणी घड्याळ लावत नाही. पहिला कोण आला ते कुणी विचारत नाही. पुढं विठ्ठल आहे म्हणून धावायचं, बस्स.

आणि माझ्या घरच्या परंपरेतही एक गोष्ट आहे, अम्मीनं लहानपणी सांगितलेली. हदीसमध्ये येतं की प्रवासात एकदा पैगंबरसाहेबांनी हजरत आयेशांबरोबर शर्यत लावली आणि हजरत आयेशा जिंकल्या. पुढं काही वर्षांनी, त्यांचं अंग भरल्यावर, पुन्हा शर्यत झाली. या वेळी पैगंबरसाहेब जिंकले आणि हसून म्हणाले की मागची फिट्टंफाट झाली. नवरा-बायकोनं हसतखेळत धावावं, यात अम्मीला काहीच वेगळं वाटत नसे. मी आमच्या घरात ही आठवण काढली तेव्हा पत्नी म्हणाली, ‘‘मग मला बूट कधी आणताय?’’ त्या आठवड्यात आणले. ती चालते, मी धावतो, वळणावर थांबतो, ती गाठते. रमजानमध्ये आम्ही दिवसा धावत नाही. तरावीहची नमाज झाली की रात्री थोडे पाय मोकळे करतो. एक महिना शरीर सावकाश चालवण्यानं काही बिघडत नाही, हेही शिकायला मिळालं.

साताऱ्यात आता सकाळी धावणाऱ्यांचं कुणाला नवल वाटत नाही. २०१२ पासून इथं डोंगरी अर्धमॅरेथॉन होते, एकवीस किलोमीटरची, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेनं जाऊन परत येण्याची. याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं मोही हे दुष्काळी गाव. तिथली ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. उषानंतर बत्तीस वर्षांनी एक भारतीय मुलगी ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचली होती. घाटात पहाटे मुली धावताना दिसतात. पावसाळ्यात धुक्यातून आधी त्यांच्या बुटांचा आवाज येतो, मग त्या दिसतात, आणि ‘‘काका, चला!’’ म्हणून पुढं निघून जातात. त्यांच्या मागं मी पडतो याचं मला काही वाटत नाही. घाट माझ्याही पायाखालून जातच असतो. करवंदीच्या जाळीचा वास, ओल्या कातळावरून उतरणारं पाणी, खाली दिव्यांचं सातारा. तरुणपणी आठशे मीटर पळताना समोरच्याच्या पाठीशिवाय मी काही पाहिलेलं आठवत नाही.

ज्यांना पुन्हा सुरुवात करायची आहे त्यांना मी थोडंच सांगेन. जुने विक्रम विसरा. विशीतला तो मुलगा चांगला होता, पण त्याच्याशी शर्यत लावू नका. पायाला नीट बसणारे बूट घ्या, महागच हवेत असं नाही. महिनाभर घड्याळ घरी ठेवा. एखादा सोबती शोधा, आणि शक्यतो तुमच्यापेक्षा हळू धावणारा शोधा. घरी परतताना अजून थोडं धावता आलं असतं असं वाटलं, तर त्या दिवशीचं धावणं बरोबर झालं समजा. उद्या पुन्हा जावंसं वाटेल.

अब्बांचं वय मी गेल्या वर्षी ओलांडलं. त्या दिवशी काही मोठं घडलं नाही. सकाळी घाटात गेलो, दुपारी त्यांच्या कबरीवर फूल वाहून आलो. एवढंच लक्षात आलं, की कितीतरी दिवसांत मी ती वजाबाकी केलेली नव्हती. पळण्याचं कारण केव्हा मागं राहिलं ते कळलंच नाही. अब्बांना जी सकाळ मिळाली नाही ती मला मिळते आहे, आणि ती पुरती वापरावी एवढंच आता डोक्यात असतं. धाव घ्यायला माणसाला एवढं कारण पुरतं.