गायरानाला विसावा



धुळे-नवापूरकडून सुरतेस जाणारा महामार्ग बारडोली मागे टाकल्यावर पलसाणा येथे मुंबई-अहमदाबाद महामार्गास मिळतो. सुरत जिल्ह्यातील हा तालुका काळ्या जमिनीचा आणि उसाचा. शेते उसाखाली आणि सडकेच्या बाजू कारखान्यांखाली गेल्या म्हणजे गुरांना मोकळे चरण्यासाठी गावचे गायरान, गुजरातीत ज्यास गौचर म्हणतात, तेवढेच उरते. या थोड्या जमिनीतून अधिक चारा कसा मिळवावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हिवाळ्यात उसाची तोडणी चालू असते, तेव्हा वाढ्यांवर गुरांचे बरेचसे भागते. खरी ओढ लागते ती पावसाच्या आरंभी. वाढे संपलेले असते, कडबा संपत आलेला असतो आणि गायरानावर हिरवे कोंब दिसू लागतात. गुरे तिकडे धाव घेतात. परंतु गवतही त्या वेळी उपाशीच असते. उन्हाळाभर मुळांत आणि बुडख्यांत राखून ठेवलेल्या अन्नावर ते पहिली पाने काढते. ती पाने पुढचे अन्न तयार करण्यापूर्वीच खुडली गेली, की गवत राहिलेली शिल्लकही खर्च करून पुन्हा फुटते. असे वारंवार झाले म्हणजे मुळे आखूड होतात आणि चांगले गवत नाहीसे होते.

नाहीसे होते तेही निवडून. मारवेल, ज्यास गुजरातेत जिंजवो म्हणतात, आणि पवन्या ही गुरांच्या आवडीची गवते असल्यामुळे प्रथम तीच संपतात. मागे राहते ती कुसळी. कोवळेपणी ती गुरे खातात. परंतु फुलोरा आल्यावर तिची टोकदार कुसे तोंडात व कातडीत रुततात. गायरान हिरवे दिसते, पण गुरांची पोटे खपाटीला गेलेली असतात.

यावर उपाय म्हणजे पाळीपाळीने चराई. गायरानाचे पाच भाग करावेत. एक भाग बी पडेपर्यंत पूर्ण राखावा. उरलेल्या चार भागांत आठ-आठ दिवस गुरे फिरवावीत, म्हणजे प्रत्येक भागास चोवीस दिवसांचा विसावा मिळतो. पुढील वर्षी राखीव भाग बदलावा. पाच वर्षांत प्रत्येक भागात एकदा बी झडून नवे गवत रुजते. राखीव भागातील गवत बी पडल्यावर कापून गंजी रचावी. त्याचा कस कमी असतो. तरी पुढल्या ज्येष्ठ-आषाढात पहिले दोन-तीन आठवडे गुरे घरी बांधून ठेवण्यास तेच उपयोगी पडते.

आणखी दोन पथ्ये पाळावीत. गवत चार बोटांहून खाली चरू देऊ नये, कारण नवी फूट बुडख्यातूनच यावयाची असते. आणि मोठ्या पावसानंतर काळी जमीन निथळेपर्यंत गुरे आत सोडू नयेत. चिखलात खुरांनी गवत तुडवले जाते, माती घट्ट होते आणि पुढचे पाणी मुरत नाही.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, त्यापेक्षा गायरान बंदच का करू नये? अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी करून, गवत कापून नेण्याची मोकळीक ठेवली आणि ओसाड डोंगर हिरवे केले. अवर्षणाच्या प्रदेशात तो मार्ग योग्यच होता. पलसाण्याकडे पाऊस भरपूर असतो. तेथे गवतास थोडा विसावा दिला तरी ते उभारी धरते. शिवाय ज्याला स्वतःची शेते आहेत त्याच्याकडे बांधावरचे गवत आणि उसाचे वाढे असते. ज्याची संपत्ती दोन शेळ्या आणि एक म्हैस एवढीच आहे, त्याला गायरानावाचून दुसरे कुरण नाही. सरसकट बंदीचा भार त्याच्यावरच पडतो.

गवत कोणासाठी राखावयाचे, हा प्रश्न या भागाला नवा नाही. दक्षिणेस पारडी येथे जमीनदारांनी हजारो एकर जमीन गवताखाली ठेवली होती. ते गवत मुंबईच्या बाजारात जाई आणि भूमिहीन आदिवासींना धान्य पिकवण्यास जमीन मिळत नसे. १ सप्टेंबर १९५३ रोजी ईश्वरभाई देसाई यांच्या नेतृत्वाखाली तेथे सत्याग्रह सुरू झाला. गवत भरपूर असूनही गावाचे पोट त्यावर भरत नव्हते, हे त्या लढ्याचे मूळ होते.

म्हणून पाच भागांच्या सीमा आखण्यापूर्वी गावाने एकत्र बसावे. कोणाची किती गुरे, कोणता भाग केव्हा मोकळा, गंजीतील वाटा कोणास किती, हे शेळीवाल्यासही विचारून ठरवावे. गुरांची संख्या गवताच्या आवाक्याबाहेर असेल, तर पाळी लावूनही चारा पुरणार नाही. तेही तेथेच मोकळेपणाने बोलावे. काटेरी कुंपण एका रात्रीत तोडता येते. सर्वांच्या संमतीने ठरलेली पाळी मोडताना मात्र माणूस चार लोकांत मान खाली घालतो. गायरानाची खरी राखण तीच होय.