बाळंतविडा आणि बाजार

बाळ जन्मास येण्यापूर्वींच त्याचा संसार बाजारांत जन्मास आलेला असतो. ज्याला अद्याप नांवहि नाहीं त्याच्यासाठीं ढकलगाडी, उशी, बूट, दुधाच्या बाटल्या आणि त्या बाटल्या उकळण्याचें यंत्र अशी खरेदी सुरू होते. आणि वर्ष उलटतां उलटतां यांतील पुष्कळशा वस्तु माळ्यावर जाऊन बसतात. या खरेदींतील कोणत्या वस्तूची बाळास खरोखर गरज असते, कोणती निव्वळ हौस असते आणि कोणती अपायकारक ठरते, याचा हिशेब मांडणें हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विजयदुर्ग हें वाघोटन खाडीच्या मुखाशीं वसलेलें जुनें बंदर. आंग्र्यांचें आरमार जेथें नांदलें आणि १७५६ सालीं जो इंग्रजांच्या हातीं पडला, त्या किल्ल्याच्या छायेंत आजहि मच्छीमारांचीं, बागाइतदारांचीं आणि नोकरदारांचीं घरें आहेत. एके काळीं मुंबईची आगबोट या बंदरास लागे. चाकरमान्याच्या घरीं बाळ जन्मलें म्हणजे त्या बोटीनें एखादी ट्रंक येई. तींत दोन झबलीं, एक खुळखुळा आणि बाळंतिणीसाठीं डिंक व खारका असत. पुढें आगबोटी बंद पडल्या. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण मार्गानें धांवूं लागली. आणि आतां तर दूरध्वनीच्या पडद्यावर बोट टेकलें कीं खोकें दारांत येऊन पडतें. वाट सुधारली हें चांगलेंच झालें. परंतु वाट अवघड होती तेव्हां प्रत्येक वस्तूस एक प्रश्न विचारला जाई : 'ही एवढ्या दूर नेण्यासारखी आहे काय?' वाट सोपी झाली आणि तो प्रश्न मागें पडला.

आपल्याकडील जुना बाळंतविडा या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. अंगडें, टोपडें, कुंची, दुपटें, लंगोट आणि आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी, एवढ्यांत तो आटोपे. त्यांत काटकसर होती, तसें शहाणपणहि होतें. वारंवार धुतलेलें सुती कापड मऊ होतें, घाम टिपतें, आणि कोंकणच्या दमट हवेंत बाळाच्या अंगास टोंचत नाहीं. उलट, झालर लावलेला, चकचकीत कृत्रिम धाग्याचा पोषाख बारशाच्या दिवशीं तासभर शोभतो आणि बाळाच्या अंगावर घामोळें ठेवून जातो. शिवाय सामान्यतः बाळाचें वजन पांच महिन्यांच्या सुमारास जन्मवेळच्या दुप्पट व वर्षाच्या शेवटीं तिप्पट होतें. जन्मतः सुमारें ५० सेंटिमीटर असलेली त्याची लांबी वर्षभरांत ७५ सेंटिमीटरपर्यंत जाते. इतक्या वेगानें वाढणाऱ्या ग्राहकासाठीं डझनावारी कपडे घेणें म्हणजे भरतीच्या लाटेस कुंपण घालण्यासारखें आहे.

उशीचेंहि तसेंच. डोकें गोल व्हावें म्हणून मोहरीची उशी घरोघर शिवली जाई. आतां तीच निरनिराळ्या आकारांत विकत मिळते. वैद्यकशास्त्राचें सांगणें मात्र स्पष्ट आहे : बाळास पाठीवर, सपाट व घट्ट अंथरुणावर, उशीवांचून निजवावें, जवळ लोड, मऊ खेळणीं अथवा सैल पांघरुणें ठेवूं नयेत, कारण त्यांनीं नाकतोंड झांकून श्वास कोंडण्याचें भय असतें. ज्या उशीसाठीं पैसे द्यावयाचे ती नसण्यांतच बाळाचें हित आहे. बुटांविषयीं तर बोलावयासच नको. जें मूल चालत नाहीं त्यास बूट कशाला? आणि चालूं लागल्यावरहि घरांत अनवाणी पाय जमीन ओळखतो, बोटांनीं पकड घेतो. ढकलगाडी शहरांतील सपाट रस्त्यावर उपयोगी पडत असेल. परंतु विजयदुर्गासारख्या गांवांत जांभ्या दगडाच्या पाखाडीच्या पायऱ्या चढतांना आई बाळास कडेवर घेते आणि बाप गाडी डोक्यावर घेतो. मग घरांतील म्हातारी सहज विचारते, "गो बाय, ह्यां कित्याक?" त्या चार शब्दांच्या प्रश्नास पुष्कळदां उत्तर नसतें.

आतां चाकांच्या चालकाचें उदाहरण घ्यावें, कारण त्यांत केवळ पैशाचा प्रश्न उरत नाहीं. गोल चौकटींत मूल बसवावयाचें आणि त्यानें पायांनीं ढकलीत घरभर फिरावयाचें, असें हें साधन. त्यामुळें मूल लवकर चालतें ही समजूत सार्वत्रिक आहे व ती चुकीची आहे. मूल त्यांत बसून लटकतें. तोल सांभाळण्याचें, पडण्याचें व उठण्याचें शिक्षण त्यास मिळत नाहीं. एका सेकंदांत तें जवळजवळ एक मीटर पुढें जातें; तेवढ्या अवधींत स्वयंपाकघरांतली आई हात पुसूनहि होत नाहीं. कॅनडा देशानें २००४ सालीं या साधनाच्या विक्रीवरच बंदी घातली. कोंकणांतील घराचा ओटा, खळ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या, तापलेली चूल आणि कठडा नसलेली विहीर डोळ्यांपुढें आणावी, म्हणजे त्या बंदीचें कारण वेगळें सांगावें लागणार नाहीं. याच सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, सावंतवाडीच्या चितारआळींत, रंगीत लांकडी खेळण्यांत पांगुळगाडा मिळत आला आहे. तो मूल उभें राहून, स्वतःच्या पायांवर भार घेऊन ढकलतें. त्यावरहि लक्ष ठेवावेंच लागतें. परंतु तो मुलाच्या पुढें चालतो, मुलास घेऊन पळत नाहीं.

याहून गंभीर प्रकरण दुधाचें आहे. १८६७ सालीं स्वित्झर्लंडांत हेन्री नेस्ले यानें दूध, साखर व गव्हाचें पीठ यांपासून केलेलें बालअन्न विकावयास काढलें. ज्या बाळांस आईचें दूध मिळणें अशक्य होतें त्यांच्यासाठीं अशा अन्नाचा उपयोग निःसंशय होता, आणि आजहि वैद्याच्या सल्ल्यानें कृत्रिम दूध क्वचित् द्यावें लागतें. परंतु अपवादासाठीं निघालेला माल विसाव्या शतकांत नियम म्हणून खपूं लागला. जेथें पाणी शुद्ध नाहीं, जळण महाग आहे आणि डबा पुरवून वापरावा लागतो, तेथें पातळ केलेलें दूध अस्वच्छ बाटलींतून बाळाच्या पोटांत गेलें. त्याचीं फळें अतिसार व कुपोषण हीं होतीं. यासाठींच १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अशा मालाच्या विक्रीविषयीं आचारसंहिता संमत केली, आणि भारतानें १९९२ सालीं स्वतंत्र कायदा केला. २००३ सालच्या दुरुस्तीसह हा कायदा दोन वर्षांखालील मुलांचें कृत्रिम दूध, बालअन्न व दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातीस मनाई करतो. दुधाच्या डब्यावर गुटगुटीत बाळाचें चित्रहि छापतां येत नाहीं. ज्या वस्तूच्या जाहिरातीवर देशास कायद्यानें बंदी घालावी लागली, ती बाळंतविड्यांत भेट म्हणून देतांना क्षणभर थांबावयास नको काय?

पहिले सहा महिने बाळास आईच्या दुधावांचून दुसरें कांहींहि लागत नाहीं. वैशाखाच्या उन्हाळ्यांतहि वरचें पाणी लागत नाहीं. त्यानंतर मऊ भात, डाळ, कुस्करलेलें केळें आणि नाचणीचें सत्त्व घरांतच तयार होतें. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठांत ३०० मिलिग्रॅमहून अधिक चुना असतो, ही गोष्ट रंगीत डब्यावर छापलेली नसते म्हणून खोटी ठरत नाहीं. दूध काढून पाजण्याचा प्रसंग आलाच तर वाटी-चमचा आहे. तो उकळत्या पाण्यांत क्षणांत स्वच्छ होतो. बाटलीच्या बुचांत व नळींत साचणारी घाण त्यास ठाऊक नाहीं.

पोटदुखीवरील बाटलीबंद औषधांची गोष्ट मोठी उद्बोधक आहे. १८५१ सालीं इंग्लंडांतील नॉटिंगहॅम येथें विल्यम वुडवर्ड यानें ग्राइप वॉटर काढलें. त्यांत शेपूचा अर्क व खाण्याचा सोडा यांबरोबर मद्यार्कहि असे. कालांतरानें तो वगळण्यांत आला. आतां बाळाच्या रडण्याचा स्वभाव पहावा. सायंकाळचें तें अनावर रडणें साधारण सहाव्या आठवड्यांत शिगेस पोंचतें आणि तीनचार महिन्यांत आपोआप ओसरतें. या अवधींत जी बाटली घरांत असेल तिला यश मिळतें. काम काळ करतो आणि श्रेय बाटलीस जातें! नव्या आईबापांच्या बाजारांतील कित्येक वस्तूंची कीर्ति अशाच रीतीनें वाढलेली असते.

परंतु यावरून जुनें तें सारें सोनें, असा निष्कर्ष कोणीं काढूं नये. काजळानें डोळे मोठे होत नाहींत. उलट कित्येक काजळांत शिसें आढळलें आहे आणि बोटाबरोबर जंतुहि डोळ्यांत जातात. जन्मतःच मध चाटविणें धोक्याचें आहे. पहिलें वर्षभर मध देऊंच नये. सहाणेवर उगाळलेली गुटी सहा महिन्यांच्या आंत अनावश्यक आहे. प्रसूतीनंतरचा पिवळसर चीक पिळून टाकण्याची रूढि तर अत्यंत घातक. तेंच बाळाचें पहिलें संरक्षण होय. चाळणी लावावयाची ती नव्यास लावावी आणि जुन्यासहि लावावी.

मग बाळास लागतें तरी काय? या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्रांतच, गडचिरोलीसारख्या आडवळणाच्या जिल्ह्यांत, प्रत्यक्ष प्रयोगानें मिळालें आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनें ३९ खेड्यांत गांवच्याच स्त्रियांस शिकवून घरोघर नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धति बसविली. त्या आरोग्यदूताच्या पिशवींत तापमापक, वजनकांटा, उबेची पिशवी, गुदमरलेल्या बाळास श्वास देण्याचें साधन आणि मोजकीं औषधें असत. १९९३ ते १९९५ या काळांत तेथें जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकीं सुमारें ६२ बाळें पहिल्या महिन्यांतच दगावत. १९९७-९८ सालीं तो आंकडा २५ वर आला. दक्षिण अमेरिकेंतील बोगोटा शहरीं १९७८ च्या सुमारास कांचेच्या उबपेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हां डॉक्टरांनीं कमी वजनाचीं बाळें आईच्या उघड्या छातीशीं बांधलीं. तो उपाय आज जगभर मान्य झाला आहे. ऊब, आईचें दूध, स्वच्छता, वेळेवर टोंचलेली लस आणि जाणत्या माणसाची नजर : बाळाची खरी यादी एवढीच आहे. यांतील लस तर सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळते, आणि प्रसूतीनंतर आशा कार्यकर्ती ठरलेल्या दिवशीं घरीं येऊन बाळास पाहून जाते.

खेळण्यांच्या बाबतींत ताराबाई मोडक यांनीं मार्ग घालून दिला आहे. १९४५ सालीं त्यांनीं बोर्डी येथें व पुढें अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर जें बालशिक्षण चालविलें, त्यांत महागड्या परदेशी साधनांच्या जागीं शिंपले, खडे, बिया व पानें आलीं. विजयदुर्गच्या किनाऱ्यावर या साहित्याचें भांडार रोज भरतीबरोबर उघडतें. मात्र जें मूल हातीं लागेल तें तोंडांत घालतें, त्याच्या हातीं घशांत अडकेल अशी बारीक वस्तु देऊं नये. त्या वयांत पळी, वाटी आणि आईचा चेहरा यांहून मोठें खेळणें नाहीं.

एवढें असूनहि आईबाप खरेदी कां करतात? ते मूर्ख नसतात. ते भ्यालेले असतात. 'ही वस्तु घेतली नाहीं आणि बाळास कांहीं झालें तर?' ही भीति विक्रेत्यास ठाऊक असते. दुसरें कारण त्याहून करुण आहे. मुंबईस असलेला काका, पुण्यास असलेली मावशी आणि परदेशीं असलेला भाऊ यांस बाळापाशीं येतां येत नाहीं. म्हणून ते वस्तु पाठवितात. वस्तूंनीं खोली भरते, पण रात्रीं तीनदां उठलेल्या बाळंतिणीस सकाळीं दोन तास निजावयास मिळावें म्हणून बाळास मांडीवर घेणारें माणूस त्या खोक्यांतून निघत नाहीं. तिला ताजें जेवण हवें, धुणें वाळत घालणारे हात हवे, आणि कधीं कधीं नुसतें 'तूं नीज, मी पाहते' एवढें वाक्य हवें असतें. हा बाळंतविडा कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं, आणि त्यावांचून मात्र खरोखर अडतें.

बाळाचा जन्म होण्यापूर्वीं त्याच्यासाठीं कांहीं विकत आणूं नये, असा एक संकेत पुष्कळ मराठी घरांत होता. त्यामागें अशुभाची भीति असेल. ती सोडून द्यावी. परंतु संकेतांतील व्यवहार राखण्यासारखा आहे. आधीं बाळ येऊं द्यावें. मग लंगोट, दुपटीं, कपडे यांपैकीं नात्यांत व शेजारीं जें असेल तें मोकळ्या मनानें मागून घ्यावें. पाळणा घराण्यांत फिरता ठेवावा. एखादी वस्तु घ्यावीशी वाटली तर आठ दिवस थांबावें. आठ दिवसांनींहि तिच्यावांचून अडत असेल तर अवश्य घ्यावी. आणि ज्यांस भेट द्यावयाची आहे त्यांनीं ते पैसे बाळंतिणीच्या आहारासाठीं द्यावे, अथवा चार दिवस रजा काढून गांवीं यावें. बाळ मोठें झाल्यावर त्याला ढकलगाडी आठवणार नाहीं. परंतु त्याच्या आईला, त्या दिवसांत दारीं कोण येऊन उभें राहिलें होतें, तें जन्मभर आठवेल.