ईश्वरसान्निध्य आणि नित्याचे जीवन



गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. मी मराठी भक्तिसाहित्याचा अभ्यासक आहे. धर्मोपदेशक नव्हे, आणि ख्रिस्तीही नव्हे. तरीही आजचा विषय मी मराठी ख्रिस्ती परंपरेतून निवडला आहे. ईश्वराच्या सान्निध्यात राहू पाहणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो, याची फार प्रांजळ नोंद या परंपरेने मराठीत करून ठेवली आहे.

सुरतेला हा विषय परका नाही. लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर आणि फाइव्ही हे मिशनरी 1815 मध्ये येथे आले. बायबलचे त्यांनी केलेले गुजराती भाषांतर याच शहरात छापले गेले. पुढे 1846 मध्ये आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनने येथील कार्य आपल्याकडे घेतले. परंतु ग्रंथ छापला जाणे वेगळे आणि तो घरात, स्वयंपाकघरात, शेजाऱ्याशी होणाऱ्या व्यवहारात उतरणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीसाठी आपल्याला नगर जिल्ह्यातील एका संसाराकडे वळले पाहिजे.

नारायण वामन टिळक (1861–1919) हे कोकणातील चित्पावन ब्राह्मण घराण्यात जन्मलेले कवी. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला, पण भक्तीची भाषा बदलली नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशा आशयाचे ते बोलत. ख्रिस्ताला त्यांनी माऊली म्हटले, सखा म्हटले. अभंग रचले, कीर्तने केली. आजही मराठी चर्चमध्ये त्यांची भजने टाळांच्या साथीने गायिली जातात. देव दूर सिंहासनावर बसलेला नसून वाटेने आपल्यासोबत चालणारा आहे, ही वारकऱ्याची जाणीव त्यांनी ख्रिस्तभक्तीत आणली.

एवढ्यावर हा विषय संपला असता, तर त्यात काव्य राहिले असते, कसोटी राहिली नसती. एकांतात देव जवळ वाटणे ही मोठी गोष्ट खरी. पण ती स्वतःची साक्ष स्वतःच देते. तिची परीक्षा दुसऱ्या माणसाजवळ होते. टिळकांच्या बाबतीत ती त्यांच्याच घरी झाली.

पतीच्या बाप्तिस्म्याने लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. जवळजवळ पाच वर्षे उभयतांचा वियोग घडला. लहानग्या दत्तूला घेऊन त्या काही काळ पंढरपुरात राहिल्या. पुढे त्या पतीकडे आल्या, पण सोवळे सोडले नव्हते. चूल वेगळी, पाणी वेगळे. ज्या प्रभूने सर्वांसोबत पंक्तीला बसण्याची शिकवण दिली त्याच्या सेवकाच्या घरातच दोन चुली! टिळकांनी ही व्यवस्था मान्य केली. शीघ्रकोपी म्हणून प्रसिद्ध असलेल्या या माणसाने येथे वाट पाहिली. माझ्या मते त्यांच्या भक्तीचे हे त्यांच्या कोणत्याही अभंगाइतकेच मोठे प्रमाण आहे. जो देवाजवळ राहतो, तो दुसऱ्याच्या अंतःकरणाचे दार फोडत नाही.

ते दार आतून उघडले. पशूंमधील भेद देवाने केलेला उघड दिसतो. माणसामाणसांत मात्र स्त्री आणि पुरुष यापलीकडे तसा भेद दिसत नाही. तेव्हा जातिभेद माणसानेच केला असला पाहिजे, हा विचार लक्ष्मीबाईंच्या मनात स्वतःहून आला. तेथून त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरवले. येथे एक क्रम ध्यानात घ्यावा. विटाळ आधी गेला, बाप्तिस्मा नंतर 1900 मध्ये झाला. म्हणजे विधीपूर्वीच विश्वास पाण्याच्या भांड्यापर्यंत पोहोचला होता.

पुढे नगरला प्लेग आला. घरातील तारा आजारी पडली, तेव्हा लक्ष्मीबाई तिच्यासोबत रुग्णांच्या छावणीत जाऊन राहिल्या आणि इतर रुग्णांचीही शुश्रूषा त्यांनी केली. जिला कधी दुसऱ्या जातीच्या माणसाची सावली नकोशी वाटे, ती स्त्री आता सारे जग ज्यांच्यापासून पळत होते त्यांच्या उशाशी बसली. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे प्रसंग त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितले आहेत की, आपण काही विशेष केले असा सूर कोठेही लागत नाही.

सुरतकरांना या प्रसंगाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. 1994 च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने लाखो माणसे हे शहर सोडून गेली. खानदेशातून येथे यंत्रमागावर काम करण्यासाठी आलेली आपली कितीतरी कुटुंबे त्यांत होती. पळणाऱ्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. लेकरे सर्वांनाच असतात. परंतु त्या दिवसांत काही परिचारिका, डॉक्टर आणि सफाई कामगार आपल्या जागी राहिले. त्यांतील कोणी ख्रिस्ती, कोणी हिंदू, कोणी मुसलमान असतील. रुग्णाजवळ जाण्याचे बळ त्या क्षणी अचानक येत नाही. ते रोजच्या लहानसहान आचरणात साठत आलेले असते.

पंडिता रमाबाईंनी (1858–1922) हेच केडगावात करून दाखवले. गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा 1900 मध्ये या प्रांतातील अनाथ मुलींना त्यांनी मुक्तिसदनात आश्रय दिला. तेथे प्रार्थनेच्या जोडीला शेत होते, माग होता, छापखाना होता. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथील स्त्रियांच्या हातांनी छापले गेले. प्रार्थना आणि श्रम यांच्यामध्ये त्यांनी भिंत घातली नाही.

श्रोतेहो, या तिन्ही चरित्रांवरून मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. देव आपल्यापासून किती अंतरावर आहे, हे मोजण्याचे साधन आपल्याजवळ नाही. मात्र माणसापासून आपण किती अंतर ठेवतो, हे रोज मोजता येते. घरकाम करणाऱ्या बाईसाठी कपबशी वेगळी ठेवली आहे काय? ज्याचे मत पटत नाही त्या मुलाची वाट पाहण्याची आपली तयारी आहे काय? आजाऱ्याच्या खोलीत आपण किती वेळ बसतो? ख्रिस्ती माणसाने आपल्या प्रार्थनेनंतर आणि इतरांनी आपापल्या पूजेनंतर, नमाजानंतर हे प्रश्न स्वतःला विचारावेत. उत्तर दरवेळी सुखाचे असेलच असे नाही. परंतु ते खरे असेल.

वर्गात सर्वांना एका बाकावर बसवणाऱ्या शाळेत हे सांगताना मला विशेष समाधान वाटते.