आजार नंतर, आधी रेशन कार्ड

मी रायपूरहून बोलते आहे. छत्तीसगडात मराठी माणूस नवा नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथे मराठी घरं आहेत, तात्यापारा हा भाग तर आमचा जुना पत्ता. पण नाती अजून नागपूर, अमरावती, भंडाऱ्याशी जोडलेली. सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड काढायला आलेल्या लोकांच्या कागदांत मी हात घालते तेव्हा हाच दोन राज्यांचा संसार आडवा येतो. म्हणून आजचा प्रश्न हा: मोफत उपचाराला पात्र कोण, हे ठरतं कशावरून?

लोकांना वाटतं, आजार मोठा आणि खिसा रिकामा असला की योजना मिळते. योजना आधी ते विचारतच नाही. तुमचं नाव कुठल्या यादीत आहे, हे ती विचारते.

केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ला सुरू झाली, तेव्हा ती यादी २०११च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेतली होती. त्यात घर आलं असेल तर ठीक, नसेल तर अर्ज करून आत शिरायची सोय नव्हती. छत्तीसगडने १ जानेवारी २०२०पासून डॉ. खूबचंद बघेल स्वास्थ्य सहायता योजना आणली आणि पात्रता रेशन कार्डावर आणून ठेवली. अंत्योदय आणि प्राथमिकता कार्डाच्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, बाकीच्या रेशन कार्डधारकांना ५० हजारांपर्यंत उपचार. पुढे सरकार बदललं आणि योजनेला शहीद वीर नारायण सिंह यांचं नाव आलं, पण पात्रतेचा खुंटा रेशन कार्डच राहिला.

आता आमच्या लोकांची गंमत सांगते. बँकेतून, वीज मंडळातून निवृत्त झालेले काका म्हणतात, ‘आम्हाला काय करायचंय रेशन? आम्ही कधी रांगेत उभे राहिलो नाही.’ काका, तांदूळ घेऊ नका. २०१९मध्ये इथे सामान्य गटातल्या कुटुंबांनाही रेशन कार्ड मिळू लागलं, ते काढून ठेवा. ते नसेल तर ५० हजारांचं दारही बंद. रेशन कार्डाला गरिबीचा शिक्का समजणं आता महाग पडतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण लग्नाची. मुलगी नागपूरहून रायपूरला सून म्हणून येते. आधारवर पत्ता बदलते, रेशन कार्डावरचं नाव मात्र माहेरीच राहतं, कधी आठ-दहा वर्षं. तिकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पिवळं, केशरी, पांढरं अशी सगळी कार्डं धरली आहेत, त्यामुळे माहेरचे म्हणतात, असू दे नाव. पण ती राहते इथे, आणि आजारी पडेल तीही इथे. तेव्हा महाराष्ट्रातून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा आणि इथल्या कार्डात नाव चढवायचं. दोन्हीकडे नाव ठेवायचा विचारही करू नका, आधार जोडलेलं असल्याने ते अडतं.

‘पण आयुष्मान कार्ड तर देशभर चालतं ना?’ हा प्रश्न हमखास येतो. केंद्राच्या यादीतल्या कुटुंबाला दुसऱ्या राज्यातल्या संलग्न रुग्णालयात उपचार घेता येतात, हे खरं. राज्याने स्वतःच्या पैशातून ज्यांना वाढवून घेतलं, त्यांची सोय हद्दीपलीकडे चालेलच असं नाही. नागपूरला न्यायचं ठरवण्याआधी विचारून घ्या.

तिसरी गोष्ट नावाची. आपल्याकडे काही घरांत लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलतात. मग रेशन कार्डावर सासरचं नाव, आधारवर माहेरचं, बँकेत तिसरंच. कार्ड काढताना संगणक आधारवरचं नाव आणि यादीतलं नाव ताडून बघतो. त्याला तुमच्या उखाण्याशी देणंघेणं नाही. एका काकूंचं कार्ड एवढ्याच कारणाने लटकलं होतं. त्यांच्या मुलाला आई रुग्णालयात आणि आपण आधार केंद्राच्या रांगेत, असे दिवस काढावे लागले.

सत्तरीपुढच्यांसाठी मात्र नियम सोपा झालाय. २९ ऑक्टोबर २०२४पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वय आधारवरून धरतात, त्यामुळे शाळेत ‘१ जून’ लावून घेतलेल्यांनी तारीख तपासावी. घर आधीच योजनेत असेल तर ज्येष्ठांना त्यांच्यापुरते वेगळे ५ लाख. घर योजनेत नसेल तरी ५ लाख, पण नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ते दोघांत मिळून. खासगी विमा असला तरी चालतं. सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असेल तर मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं.

पात्र ठरलात तरी काय मिळतं, तेही ऐका. बाह्यरुग्ण विभागातली तपासणी यात येत नाही. भरती होऊन घेतलेले उपचार येतात, शिवाय डायलिसिस, केमोथेरपी, मोतीबिंदू यांसारखे त्याच दिवशी घरी सोडणारे. जुना आजार आहे म्हणून नाकारत नाहीत. पण रुग्णालय संलग्न असणं पुरेसं नाही, ज्या आजारासाठी जाताय त्या विभागासाठी ते संलग्न असावं लागतं. खासगीत गेलात तर भरती व्हायच्या आधी आयुष्मानच्या खिडकीवर हा प्रश्न विचारा. बिल झाल्यावर विचारून उपयोग नाही, ही योजना मागाहून पैसे परत देण्याची नाही. आमच्या मेकाहारात, म्हणजे डॉ. आंबेडकर रुग्णालयात, आणि टाटीबंधच्या एम्समध्ये कार्ड चालतं.

शंका असेल तर छत्तीसगडात १०४ आणि देशभर १४५५५ हे क्रमांक आहेत. फोन लावताना रेशन कार्ड आणि घरातल्या प्रत्येकाचं आधार समोर घेऊन बसा आणि दोन्हींवरची नावं अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचून बघा. बहुतेक घरांत एखादं तरी जुळत नाही.